उडवायला सगळ्यांनाच यायचं, धड उतरवलं कोणी? (जुने कॉम्प्युटर आणि त्यातली विमानं)

घाटमाथा

गेल्या रविवारी माळा आवरायला काढला. पितळेच्या भांड्यांमागे बुटांचं एक खोकं निघालं, त्यात अकरा सव्वापाच इंची फ्लॉप्या. एकीच्या लेबलवर बाबांच्या अक्षरात, शाईच्या पेनाने: "विमान. पुसू नये."

तिथेच शिडीवर बसून राहिलो.

१९९१ साली बाबांच्या ऑफिसने एक पीसी-एक्सटी मोडीत काढला, तो बाबांनी विकत घेतला. दोन फ्लॉपी ड्राइव्ह, हार्ड डिस्क नाही, ६४० केबी मेमरी, हिरव्या अक्षरांचा मॉनिटर. बाबांना त्यावर सोसायटीचे हिशेब लिहायचे होते. फ्लॉप्या देणाऱ्या त्यांच्या मित्राने त्यातच मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची, म्हणजे विमान उडवायच्या प्रोग्रामची, तीन नंबरची आवृत्ती टाकून दिली. ड्राइव्हची खटकी खाली पाडायची, खर्र खर्र आवाज, आणि मग पडद्यावर शिकागोचा मेग्ज फील्ड विमानतळ. समोर धावपट्टी ३६, डावीकडे शहराच्या इमारती, उजवीकडे तळं. सगळं नुसत्या रेघांचं. पण आमच्या सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत ते आभाळ मावत नव्हतं.

बाबा तोवर कधी विमानात बसले नव्हते. आठ दाबलं की नाक खाली आणि दोन दाबलं की वर, हे उलटं का, याचा त्यांनी जेवताना अर्धा तास विचार केला आणि दुसऱ्या दिवशी मला खराट्याची काडी धरून समजावून सांगितलं: "काठी पुढे ढकलली की नाक खाली. आकडे वरून खाली वाचू नकोस, काठी समज."

उडवायला आठवड्यात शिकलो. उतरवायला मात्र दोन वर्षांत जमलं नाही. दर वेळी तळ्यात, नाहीतर धावपट्टीच्या अलीकडे. मग १९९३ मध्ये ते मशीन बंद पडलं आणि विषय संपला.

तर मंडळी, तुमचं पहिलं मशीन कोणतं, त्यातलं विमान कोणतं, आणि पहिल्यांदा धड उतरवलेलं आठवतं का? आणि सव्वापाच इंची फ्लॉपी वाचून देणारं पुण्यात कोणी आहे का?

मिरजेचा तंबोरा

अहाहा, काय विषय काढलात! आमचा तुमच्याही आधीचा. डीबी स्पेक्ट्रम प्लस. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रमची, डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन इथे काढलेली आवृत्ती. मेमरी ४८ के. हो, के! आत्ता या धाग्यावर तुम्ही जो फोटो टाकाल तो त्यात मावायचा नाही.

साल १९८७. काकांनी आणला, टीव्हीला जोडला, आणि शेजारी कॅसेट प्लेअर. 'जे' दाबलं की पडद्यावर आपोआप लोड हा अख्खा शब्द उमटायचा. मग प्ले. टीव्हीच्या कडेने आधी लाल-निळसर जाड पट्टे आणि मग निळ्या-पिवळ्या बारीक पट्ट्यांची धावपळ. साधारण पाच मिनिटं घरात कुणी बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही. साडेचार मिनिटांनी "टेप लोडिंग एरर" आलं की रडू यायचं. मग काका छोटा स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, कॅसेटच्या झाकणाच्या फटीतून हेडचा स्क्रू केसभर फिरवायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज जितका टोकदार, तितका हेड सरळ. आमच्या गावात तंबोऱ्याची जवारी लावतात ना, अगदी तसं. काका गाण्यातले होते म्हणून त्यांना ते जमायचं, हे माझं आजही ठाम मत आहे.

विमान म्हणजे सायॉन कंपनीचं 'फ्लाइट सिम्युलेशन'. खिडकीतून धावपट्टी, तळी, खाली घड्याळांसारखे काटे. चित्र अडखळत हलायचं, पण आम्ही श्वास रोखून.

उतरवलं का? हो. तिसऱ्या आठवड्यात, एकटाच होतो. आईला ओरडून बोलावलं. ती कणकेच्या हातांनी आली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थांबलंय की हे." बरोबर होतं. थांबलं होतं, मोडलं नव्हतं.

निरांजन७४

"थांबलंय की हे." व्वा. त्या कॅसेटची किंकाळी अजून कानात आहे. +१

पाटीपेन्सिल

आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो आले होते. १९८४ च्या सुमारास सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला, त्यात निवडक शाळांना ते मिळाले. खोलीबाहेर चपला, आत एसी, मशीनवर मखमली आच्छादन. देवघरासारखंच. एका मशीनला चार मुलं.

बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या तासाला पंधरा मिनिटं उरली तर सर 'एव्हिएटर' लावू द्यायचे. जेफ क्रॅमंड नावाच्या माणसाने लिहिलेलं, १९८३ चं. स्पिटफायर विमान, सगळं रेघांचं, आणि एक झुलता पूल. त्या पुलाखालून विमान नेलं की गुण. चौघांची वाटणी ठरलेली: एक नाक वरखाली, एक डावं-उजवं, एक इंजिन, आणि चौथा फक्त "आता! आता!" ओरडायला. मी बरेचदा चौथी. आमच्या चौघींचं विमान पुलाखालून एकदाच गेलं, आणि त्या दिवशी सरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. उतरवायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं, घंटा व्हायची.

उजनीकाठ

वाचतोय, छान लिहिताय सगळे. पण एक मनापासून सांगतो, राग मानू नका. हे स्मरणरंजन फार थोड्या घरांचं आहे. १९९१ साली आमच्या गावात फोन एकच होता, तो पोस्टात. कॉम्प्युटर मी पहिल्यांदा १९९९ मध्ये तालुक्याला पाहिला, तोही काचेपलीकडून. "आपलं बालपण", "आपल्या पिढीचं" असं कुणी लिहिलं की वाटतं, आम्ही कुठल्या पिढीचे?

घाटमाथा

@उजनीकाठ, राग कसला. खरंच आहे. आमच्या वाड्यातही ते एकच मशीन होतं आणि आठ बिऱ्हाडांची मुलं दारात रांग लावायची. "आपलं" हा शब्द मी वापरला नाही, पण डोक्यात तोच होता, हे कबूल. तुमचं पहिलं मशीन सांगा ना, साल कुठलंही असो.

हर्क्युलसवाला

हिरव्या मॉनिटरवरून आठवलं. तेव्हा बहुतेक स्वस्त मशीनमध्ये पडद्यावर चित्र काढणारं हर्क्युलस कार्ड असायचं. एकरंगी, पण ७२० बाय ३४८ ठिपके, अक्षरं एकदम स्वच्छ. गेम मात्र सीजीए या रंगीत कार्डासाठी लिहिलेले: ३२० बाय २००, चार रंग, त्यात तो डोळ्यांत जाणारा गुलाबी आणि आकाशी. हर्क्युलसवर असा गेम लावला की काळा पडदा.

यावर उतारा म्हणजे 'सिमसीजीए' नावाचा इवलासा प्रोग्राम. आधी तो चालवायचा, मग गेम. कार्डाला सीजीएचं सोंग घ्यायला लावायचा. आमच्या कॉलेजात ज्याच्याकडे सिमसीजीएची फ्लॉपी, त्याला कॅन्टीनमध्ये चहाचे पैसे द्यावे लागत नसत. फ्लाइट सिम्युलेटरला मात्र त्याची गरज नव्हती, त्याला हर्क्युलस थेट कळायचं. म्हणून घाटमाथांच्या बाबांच्या मित्राने नेमकं तेच दिलं असणार.

आणखी एक. त्या काळी "आयबीएम कम्पॅटिबल" म्हणवणारं मशीन खरंच तसं आहे का, हे बघायची जगभर एक कसोटी होती: हिशेबाचा प्रोग्राम लोटस १-२-३ आणि फ्लाइट सिम्युलेटर दोन्ही चालले पाहिजेत. फ्लाइट सिम्युलेटर हार्डवेअरला इतका थेट भिडायचा की मशीनमध्ये थोडी जरी खोट असली तरी अडकायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जोडून घेतलेलं माझं पहिलं मशीन मी असंच तपासून घेतलं. दुकानदाराला म्हटलं, हिशेब राहू द्या, विमान उडवून दाखवा.

जोशी_साताऱ्याचे

फ्लॉप्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या आडनावाचा उल्लेख झालाच पाहिजे. १९९० मध्ये भारतात सापडलेला 'जोशी' व्हायरस! फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसायचा आणि ५ जानेवारीला मशीन अडवून म्हणायचा, "हॅपी बर्थडे जोशी" टाइप करा. केलं की सुटका. गेमच्या फ्लॉप्यांबरोबरच तो घरोघर गेला. मी तेव्हा बारावीत. ६ जानेवारीला वर्गातल्या मुलांनी मला पेढे मागितले होते.

घाटमाथा, फ्लॉपी लावण्याआधी तपासून घ्या. वाढदिवस असेल तर आम्हाला कळवा :)

निरांजन७४

जोशीबुवा, पेढे अजून बाकी आहेत.

बिगरीतला_कोडर

सगळे खेळाबद्दल लिहितायत, मी थोडं आतलं लिहितो, कारण याच गोष्टीने मला प्रोग्रामिंगला लावलं.

ब्रूस आर्टविक हा इलिनॉय विद्यापीठात शिकणारा माणूस. १९७५ मध्ये त्याने प्रबंध लिहिला, विषय हाच: विमानातून दिसणारं दृश्य कॉम्प्युटरवर चालत्या क्षणी कसं काढायचं. मग त्याच्या सबलॉजिक कंपनीने अॅपल टू साठी पहिला सिम्युलेटर काढला, आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयबीएम पीसीसाठी.

आता अॅपल टू काय होतं ते बघा. ६५०२ प्रोसेसर, एक मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि त्याला गुणाकाराची सूचनाच नाही! बेरीज, वजाबाकी, सरकवणं, बस. आणि त्रिमितीतला प्रत्येक बिंदू फिरवायचा तर नऊ गुणाकार लागतात, साइन-कोसाइन लागतात. मग काय करायचं? साइनचं कोष्टक आधीच मेमरीत भरून ठेवायचं, अपूर्णांक टाळून पूर्णांकांतच काम भागवायचं, गुणाकार म्हणजे सरकवा आणि मिळवा. शाळेत आपण पाढे पाठ करतो ते कशासाठी? ऐनवेळी गुणत बसायला लागू नये म्हणून. नेमकं तेच. हे सगळं १६ केबी मेमरीत.

अकरावीत एका मासिकात यातलं थोडंसं वाचलं आणि मी बेसिकमध्ये एक चौकोनी खोका फिरवायचा प्रोग्राम लिहिला. एक चित्र काढायला चार सेकंद लागायचे. खोका एकदा पूर्ण फिरायला जेवण होऊन जायचं. तरी मी ताट घेऊन समोर बसून तो बघत जेवलो. आज ग्राफिक्सवरच पोट आहे, पण त्या खोक्याइतकं काही आवडलेलं नाही.

उतरवणं: चार नंबरच्या आवृत्तीत ग्लायडर होतं. इंजिनच नाही, त्यामुळे उतरण्यावाचून गत्यंतर नाही. त्याने शिकवलं.

वैनतेयी

ग्लायडरचं अगदी पटलं.

माझी गोष्ट थोडी वेगळी. आमच्याकडे १९९४ मध्ये ३८६ कॉम्प्युटर आला तो दादासाठी. मी हात लावला की "बिघडवशील" असं सगळ्या घराने म्हणायचं. दादा दहाला झोपायचा. मी साडेदहाला उठायचे, मॉनिटरचा उजेड दाराखालून दिसू नये म्हणून फटीला सतरंजी लावायचे. स्पीकर बंद. त्यामुळे माझी सगळी विमानं मुकी होती. फ्लाइट सिम्युलेटरची पाच नंबरची आवृत्ती, सेस्ना हे छोटं विमान.

मार्च महिना होता, परीक्षेच्या आधीचा आठवडा. त्या रात्री पहिल्यांदा वेग, उंची आणि धावपट्टीचा आकार तिन्ही एकत्र दिसले. आधी मी एका वेळी एकच बघायचे, म्हणून चुकायचं. धावपट्टी खिडकीत जिथे आहे तिथेच राहिली आणि फक्त मोठी होत गेली, तर आपण बरोबर चाललोय, हे कुणी न सांगता कळलं. चाकं टेकली. ओरडता येत नव्हतं, म्हणून सतरंजीवर लोळले.

पुढे खऱ्या सेस्ना १५२ वर शिकले, आज विमान उडवणं हेच काम करते. फ्लाइंग क्लबात पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टरनी दोन गोष्टींवरून झापलं. एक, "बाहेर बघ, काट्यांकडे काय बघतेस!" सिम्युलेटरवाल्या प्रत्येकाची ही सवय. आणि दोन, "उजवा पाय!" घरच्या सिम्युलेटरमध्ये रडर, म्हणजे शेपटीवरचं पायाने फिरवायचं सुकाणू, आपोआप सांभाळला जायचा, त्यामुळे पाय असतात हेच आम्हाला माहीत नव्हतं. खरं विमान पूर्ण ताकदीने धावायला लागलं की पंख्याच्या वाऱ्याने डावीकडे ओढतं, आणि उजव्या पायाने ते धरून ठेवावं लागतं.

पण धावपट्टी खिडकीत स्थिर ठेवायची, हे मात्र मला आधीच येत होतं. माझ्या बॅचमध्ये सगळ्यात आधी एकटीने विमान मी उतरवलं. दादाला फोन केला आणि सतरंजीचं सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. पासवर्ड म्हणूनच टाकला नव्हता."

पाटीपेन्सिल

वैनतेयी, डोळे भरून आले गं. दादाला आमच्या सगळ्यांकडून नमस्कार सांग.

उजनीकाठ

वैनतेयीताईंचं वाचलं आणि आता मीही लिहितो.

२००१. सोलापुरात डिप्लोमाला होतो. कॉलेजजवळ सायबर कॅफे, तासाला तीस रुपये. मेसचे पैसे वाचवून शनिवारी एक तास. बाकीची मुलं चॅटिंग करायची, मला त्या मशीनवर फ्लाइट सिम्युलेटर ९८ सापडलं. इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. ब्रेक लागेना, विमान धावपट्टी संपून गवतात. चार शनिवार असेच गेले. पाचव्या शनिवारी कॅफेच्या मालकाने येऊन टिंबाच्या बटणावर बोट ठेवलं. ब्रेक म्हणजे पूर्णविराम! मी मोठ्याने हसलो. वाक्य संपलं की टिंब, विमान संपलं की टिंब. ते मी जन्मात विसरणार नाही.

म्हणजे माझं उतरणं आधी झालं होतं, थांबणं नंतर आलं.

मी उगाच कडवट लिहिलं होतं. रांगेत सगळ्यात शेवटी का होईना, मीही होतोच.

घाटमाथा

उजनीकाठ, या एका प्रतिसादासाठी धागा काढला असं समजतो.

मिशिगनतळ्याकाठी

मेग्ज फील्डचं नाव दिसलं म्हणून किती वर्षांनी लॉगिन केलं. मूळचा ठाण्याचा, १९९८ पासून शिकागोत.

इथे आलो त्या पहिल्याच शनिवारी, घर लावायचं सोडून, मी तळ्याकाठी मेग्ज बघायला गेलो. बायको म्हणाली, तुला इथलं काहीच माहीत नाही म्हणत होतास, मग वाट न विचारता कसा चालतोयस? कसा म्हणजे? चौदा वर्षांचा असल्यापासून रोज तिथून उडत होतो! शहर डावीकडे, तळं उजवीकडे, सगळं जागच्या जागी. फक्त रंग होते आणि वारा होता.

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशाने बुलडोझर आले आणि धावपट्टीवर फुल्यांच्या आकाराचे मोठे चर खणले. सकाळी तिथे उभी असलेली सोळा विमानं अडकून पडली. महापौरांनी सुरक्षेचं कारण दिलं, पण तिथे बाग व्हावी अशी त्यांची इच्छा जुनी होती. माझ्या मते बाग चांगली गोष्ट आहे. रात्रीत खणणं चांगलं नव्हतं. आज तिथे नॉर्दर्ली आयलंड पार्क आहे, गवत, पक्षी, टर्मिनलची इमारत अजून उभी. मी मुलीला घेऊन जातो आणि साधारण धावपट्टी ३६ च्या जागी उभं राहून उत्तरेकडे बघतो. ती विचारते, इथे काय होतं? मी म्हणतो, इथून तुझा बाबा ठाण्याहून उडायचा.

हर्क्युलसवाला

अंगावर काटा आला. त्यानंतर २००३ मध्येच आलेल्या, २००४ नावाच्या आवृत्तीत सुरुवातीचा विमानतळ सिअॅटल झाला. तेव्हा मला उगाच परक्या घरी गेल्यासारखं वाटलं होतं.

जुहूचा_वारा

आपल्याकडच्या आभाळाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून मी.

९८ च्या आवृत्तीत मुंबई-पुणे उडवलं तेव्हा सह्याद्रीच नव्हता! सगळी सपाट हिरवी चादर. खंडाळ्याच्या वर येऊन मी खाली बघत बसलो, घाट कुठे गेला? २००० च्या आवृत्तीत डोंगरांना उंची आली आणि पहिल्यांदा बोरघाट उभा राहिला. नाकासमोर डोंगर आल्याचा एवढा आनंद कुठल्याच पायलटला झाला नसेल.

माझा हट्टाचा प्रवास मात्र वेगळा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराची, अहमदाबाद करत जुहूला विमान उतरवलं. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट पुढे मद्रासला घेऊन गेले. १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी, जे. आर. डीं.नी तोच प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. मी २००४ मध्ये, ऑक्टोबरच्या त्याच तारखेला, छोटं विमान घेऊन कराचीहून निघालो. ऑटोपायलट नाही, नुसता होकायंत्राचा काटा आणि घड्याळ. वेळ पुढे पळवायची नाही असं ठरवलेलं. अहमदाबादला उतरून जेवलो. वसईच्या खाडीवर होतो आणि लाइट गेली.

यूपीएस पंधरा मिनिटांचं. मॉनिटर सोडून घरातलं सगळं बंद केलं, बायकोने मेणबत्ती धरली, आणि जुहूवर चाकं टेकली तेव्हा यूपीएस शेवटचे ठोके देत होतं. धाग्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. आधीही उतरवली असतील, मोजतो ती ही एक.

घाटमाथा

हा शेवटचा मोठा प्रतिसाद माझा.

निरोपातून एकांनी संपर्क केला, कोथरूडला राहतात, जुना ड्राइव्ह चालू ठेवलाय. काल गेलो. जोशीबुवा, आधी तपासलं, वाढदिवस नाही. अकरापैकी सात फ्लॉप्या बुरशीने गेल्या. "विमान. पुसू नये" तिसऱ्या प्रयत्नात वाचली गेली, पूर्ण. त्यांनी पेन ड्राइव्हवर घालून दिली, पैसे घेतले नाहीत.

रात्री लॅपटॉपवर जुने प्रोग्राम चालवणारं डॉसबॉक्स टाकलं आणि बाबांना हाक मारली. बाबा आता ८१ वर्षांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्या रेघा बघून आधी काहीच बोलले नाहीत. मग खुर्ची ओढली आणि म्हणाले, "आकडे वेगळे कुठायत याला?" लॅपटॉपला आकड्यांचा वेगळा कीबोर्ड नाही ना. शेजारच्या मुलाकडून मोठा कीबोर्ड आणला.

वैनतेयींचं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं होतं: धावपट्टी खिडकीत जिथल्या तिथे राहिली पाहिजे. नाक मी धरलं. इंजिन बाबांकडे, ९ आणि ३. दक्षिणेकडून तळ्यावरून आत आलो. बाबांचं बोट तीनवर, दाबून धरलेलं नाही, टकटक, टकटक, एकेक. उंची कमी होतेय, पट्टी जागेवर, मोठी होतेय. मी नाक थोडं जास्त उचललं तर बाबा म्हणाले, "काठी समज." टेकलं. उसळलं. पुन्हा टेकलं आणि धावत राहिलं.

आई आतून विचारत होती, काय झालं, एवढे गप्प का?

बाबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "ते पुण्याहून उडवता येतं का रे आता?"

जुहूचा_वारा, लोहगावहून निघून बोरघाटावरून तुमच्याकडे यायचं आहे, जुन्या लॅपटॉपवर चालेल अशी आवृत्ती सुचवा. बाबा शनिवारी मोकळे आहेत.

जुहूचा_वारा

२००४ वाली टाका, जुन्या मशीनवर सुरेख चालते. लोहगावहून पश्चिमेकडे तोंड करून निघा, डावीकडे सिंहगड दिसतो का बघायला बाबांना सांगा. मी शनिवारी चारला जुहूला उभा असेन.